मंद वाऱ्यासाठी आरजी-६५ वर स्विंग रिग: मापं, डोलकाठीची जागा आणि सर्वो

तळ्याकाठी यांचा प्रश्न:

बोट आरजी-६५ वर्गाची आहे (रिमोटवर चालणारी, ६५ सेंमी लांबीची शिडाची मॉडेल बोट), घरी बांधलेली. तळ्याला दोन बाजूंनी टेकड्या आहेत. हिवाळ्यात सकाळी वारा जेमतेम १ ते ३ नॉट असतो, तोही झुळुकी-झुळुकीनं. सध्याची रिग (डोलकाठी आणि शिडांची मांडणी) साधी आहे: ८ मिमी व्यासाची, १ मिमी जाड भिंतीची अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी आणि ५० मायक्रॉन ड्राफ्टिंग फिल्मची शिडं. मेन (मागचं मोठं शीड) १००० × २९० मिमी, जिब (पुढचं छोटं शीड) ८०० × २०० मिमी, दोन्ही सरळ त्रिकोणी.

तीन अडचणी आहेत. वारा पाठीशी असला की बूम (शिडाखालचा आडवा दांडा) बाहेर जातच नाही. टॅक केल्यावर (तोंड वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळल्यावर) जिब जुन्याच बाजूला फुगलेली राहते. आणि बोट वाऱ्याकडे तोंड करून अडकते, सुकाणू कितीही फिरवलं तरी वळत नाही. मंद वाऱ्यासाठी वेगळी स्विंग रिग (डोलकाठी, एकच लांब बूम आणि दोन्ही शिडं एकत्र फिरतात ती) बांधावी म्हणतो. मापं काय घ्यावीत? डोलकाठी आहे त्याच जागी चालेल का? सर्वो (शिडं ओढणारी छोटी मोटर) बदलावा लागेल का?

---

वल्हेकरी यांचं उत्तर:

स्विंग रिग जरूर बांधा, पण आधी एक गोष्ट. तुमच्या पहिल्या दोन अडचणी घर्षणाच्या आणि कडकपणाच्या आहेत, त्या आहे त्या रिगवर अर्ध्या तासात तपासता येतात.

शीटची (बूम ओढायची-सोडायची) दोरी सर्वोच्या आर्मवरून (फिरणाऱ्या दांडीवरून) सोडा आणि बोट हातात धरून १० अंश कलती करा. बूम स्वतःच्या वजनानं खालच्या बाजूला घसरलं पाहिजे. नाही घसरलं तर गूजनेक (बूम डोलकाठीला जोडणारा सांधा) घट्ट आहे, किंवा व्हँग (बूम खाली धरणारा ताण) जास्त ओढलाय. घसरलं, पण शीट जोडल्यावर अडकलं, तर दोष दोरीचा. पीळ असलेली नायलॉनची जाड दोरी पाणी पिते आणि डेकवरच्या कडीत चिकटते. मासेमारीची विणीची दोरी वापरा, ०.३ मिमीच्या आसपासची. ती पाणी धरत नाही.

दुसरी गोष्ट मेनच्या पुढच्या कडेची. शीड डोलकाठीला ज्या दोऱ्याच्या कड्यांनी बांधलंय त्या घट्ट असतील तर टॅकनंतर शीड पलटत नाही. दर १२० मिमीवर एक कडी, आणि डोलकाठी व शीड यांत २ मिमी फट. जिबचा टॉपिंग लिफ्ट (जिबच्या बूमचं मागचं टोक वर उचलणारी दोरी) सैल असेल तर तो जरा ताणा. मंद वाऱ्यात जिबची मागची कड वरच्या बाजूला उघडायला हवी.

अडकून राहण्याबद्दल: या वाऱ्यात बोटीला वेगच नसतो, त्यामुळे सुकाणू जोरात फिरवलं की ते ब्रेकसारखं काम करतं. १५ ते २० अंशांपेक्षा जास्त देऊ नका. टॅकच्या आधी शीट जराशी सोडून वेग घ्या, मगच वळवा.

---

कार्बनकाठी यांचं उत्तर:

वर सांगितलंय ते सगळं करा, तरी स्विंग रिगला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. पाठच्या वाऱ्यात जिब आपोआप मेनच्या विरुद्ध बाजूला, मोकळ्या हवेत येते. साध्या रिगवर ती मेनच्या आडोशाला लोंबत राहते. शिवाय एकच शीट, डोलकाठीला आधार देणाऱ्या ताणदोऱ्या नाहीत, म्हणजे वजनही कमी.

मंद वाऱ्याची रिग म्हणजे मोठी शिडं, असं समजू नका. वर्गाच्या नियमात एकूण क्षेत्रफळ २२.५ चौ. डेसिमीटर आणि डेकपासून रिगची उंची ११०० मिमी, त्यापुढे जाता येत नाही. आहे ते कापड उंच, हलकं आणि मोकळं ठेवणं एवढंच हातात असतं.

मापं अशी घ्या. मेन १००० × ३१०, म्हणजे १५५० चौ. सेंमी. जिब ८२० × १७०, म्हणजे सुमारे ६९७. बेरीज २२४७, मर्यादा २२५०. मागची कड सरळ किंवा किंचित आत घेतलेली ठेवा, बाहेर फुगवलीत तर क्षेत्रफळ मर्यादेबाहेर जाईल आणि ती कड ताठ धरायला पट्ट्याही लावाव्या लागतील.

जिबचा पुढचा कोपरा डोलकाठीच्या २०० मिमी पुढे, मागचा ३० मिमी पुढे. या मांडणीत दोन्ही शिडांच्या क्षेत्रफळाचा मिळून मध्य डोलकाठीच्या सुमारे ५२ मिमी मागे येतो. शीड वाऱ्याला तिरकं असताना दाबाचा बिंदू मध्याच्या पुढे सरकतो, म्हणून प्रत्यक्षात उरतात साधारण २५ मिमी. हे २५ मिमीच तुमचं बूम बाहेर ढकलतात. तुमची सध्याची ८०० × २०० ची जिब तशीच, कोपरा २३० मिमी पुढे धरून लावलीत, तर हाच आकडा १० मिमीवर येतो. मग शीट सोडली तरी रिग जागेवरून हलत नाही. स्विंग रिगमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, जिब मोठी करण्याच्या मोहात.

डोलकाठी: ८ मिमी कार्बन नळी, भिंत अर्ध्या मिमीची, गुंडाळून केलेल्या प्रकारची. ११०० मिमीचं वजन १८-२० ग्रॅम भरतं, तुमच्या अ‍ॅल्युमिनियमचं ६५ च्या आसपास. आधारनळी (बोटीत बसवलेली, जिच्यात डोलकाठी उभी राहते ती) बाहेरून १०, आतून ८ मिमी, डेकपासून तळापर्यंत, किमान ८० मिमी खोल, कारण ताणदोऱ्या नसल्यानं सगळा आडवा जोर तिच्यावरच येतो. खालचं तोंड इपॉक्सीनं बंद करा, नाहीतर तिथूनच बोटीत पाणी शिरतं. तळाशी नायलॉनचा गोलसर बुंधा ठेवा म्हणजे डोलकाठी एका टोकावर फिरेल. ६०० नंबरच्या पॉलिशपेपरनं ओलं घासत जा, काठी नळीत सोडल्यावर स्वतःच्या वजनानं तळाला टेकेपर्यंत. कोरडं घासू नका आणि मास्क लावा, कार्बनची धूळ फुप्फुसांना वाईट.

बूमला भोक पाडून त्यातून डोलकाठी घालायला जाऊ नका, नळी तिथेच मोडते. ४ मिमीच्या दोन कार्बन कांड्या डोलकाठीच्या दोन बाजूंनी न्या, पुढे-मागे टोकांना जुळवा, आणि काठीशी दोऱ्याचे वेढे देऊन इपॉक्सी भरा. लांबी ५४० मिमी. जिबला स्वतःचं छोटं बूम द्या, तिची शीट मोठ्या बूमलाच बांधा. जिबचं मागचं टोक मोठ्या बूमच्या रेषेपासून २० ते २५ मिमी बाजूला जाईल इतकीच ढील, पण दोन्ही बाजूंना मोकळी जाईल अशी.

---

फिल्मवाला यांचं उत्तर:

शिडांबद्दल थोडं. ५० मायक्रॉन पॉलिएस्टर फिल्म दर चौ. मीटर ७० ग्रॅम, ३६ मायक्रॉन ५० ग्रॅम. पतंगाचं रिपस्टॉप पॉलिएस्टर ३१ ग्रॅमच्या आसपास मिळतं. तुमच्या क्षेत्रफळाला अनुक्रमे १६, ११ आणि ७ ग्रॅम. मी ३६ मायक्रॉनची फिल्म घ्या म्हणेन. रिपस्टॉप तिरक्या दिशेत ताणलं जातं, पट्टे नीट कापता आले नाहीत तर आकार बिघडतो. गिफ्ट रॅपची फिल्म फक्त नमुना बेतण्यापुरती वापरा.

मंद वाऱ्यात शीड खूप फुगीर हवं, हा समज मोठ्या बोटींवरून आलाय. १ मीटर प्रतिसेकंद वारा आणि २०० मिमी रुंदीचं शीड धरलं तर रेनॉल्ड्स आकडा (हवेचा प्रवाह पृष्ठभागाला किती चिकटून राहील याचा अंदाज देणारा) १३,००० च्या घरात येतो. इतक्या कमी आकड्याला हवा खोल फुगवट्याच्या मागच्या उतारावर टिकत नाही, सुटते. फुगवटा ५ ते ६ टक्के पुरे: २०० मिमी रुंदीला १० ते १२ मिमी.

चार आडवे पट्टे, तीन जोड, ६ मिमीची दुहेरी चिकटपट्टी. प्रत्येक जोडाला खालच्या पट्ट्याची वरची कड सरळ ठेवा, वरच्या पट्ट्याची खालची कड कमानीत कापा: खालच्या जोडाला १.५ मिमी, मधल्याला १, वरच्याला अर्धा. कमानीचा सर्वांत उंच बिंदू पुढच्या कडेपासून ३५ ते ४० टक्क्यांवर. झाल्यावर पुढून मागे ताणलेला दोरा धरा आणि पट्टीनं खोली मोजा.

---

तळ्याकाठी:

फार उपयोगी. डोलकाठीची जागा आणि सर्वो एवढंच राहिलं. आणि आधारनळी एकदा चिकटवली की डोलकाठी पुढे-मागे कलती करता येणार नाही ना?

---

कार्बनकाठी:

नाही येणार, म्हणूनच आधी आकडा काढा. तुमच्या जुन्या रिगचा मध्य, जिबचा कोपरा २३० मिमी पुढे धरून, डोलकाठीच्या ३५ मिमी मागे पडतो. नव्याचा ५२. म्हणजे जुन्याच जागी उभी केलीत तर जोर १७ मिमी मागे जाईल आणि बोट सारखी वाऱ्याकडे वळेल. नळी १७ मिमी पुढे हवी. पण मंद वाऱ्यात बोट कलत नाही, त्यामुळे वाऱ्याकडे वळण्याची ओढ तशीही कमी होते. मी १२ मिमी पुढे घेईन. डेकला २० मिमी लांब खाच ठेवा, नळी पुढे-मागे लाकडी पाचरी मारून तात्पुरती बसवा, दोन-तीन सकाळी चालवून बघा आणि मगच इपॉक्सी घाला.

सर्वो साधा ४०-४५ ग्रॅमचा, ६ किलो-सेंमीचा चालेल. बूमला शीट डोलकाठीच्या ९५ मिमी मागे बांधा, डेकची कडी बरोबर तिच्याखाली. ८५ अंशांपर्यंत बूम सोडायला सुमारे १२८ मिमी दोरी लागते. ७५ मिमीचा आर्म दोन्हीकडे ६० अंश फिरला तर १३० मिमी मिळते. रिमोटवर सर्वोची हालचाल वाढवून घ्यावी लागेल. या आर्मवर सर्वो दोरीला जेमतेम ८०० ग्रॅमचा ओढा देतो, स्विंग रिगला तो पुरतो, साध्या रिगला जोराच्या वाऱ्यात पुरला नसता. ८५ च्या पुढे बूम सोडू नका, डोलकाठीपुढचा भाग वारा धरतो आणि रिग परत ओढताना हिसका बसतो.

---

वल्हेकरी:

पुढेमागे खाडीत बोट घालणार असाल तर कार्बनच्या काठीत अ‍ॅल्युमिनियमची कडी किंवा खिळा अडकवू नका. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम कार्बनला टेकलं की झपाट्यानं गंजतं. स्टेनलेस घ्या, किंवा दोऱ्याच्याच कड्या करा.