मदत हवी आहे: एकाच क्षारात फेरसही दिसतंय आणि फेरिकही

बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर आली आहे आणि सॉल्ट ॲनालिसिसमध्ये एका क्षारावर अडले आहे. फिकट हिरवे स्फटिक, पाण्यात सहज विरघळतात. ऋण आयन सल्फेट, त्यात वाद नाही. घोळ धन आयनाचा आहे.

सोडियम हायड्रॉक्साइडने मळकट हिरवा साका येतो. जास्त घातलं तरी विरघळत नाही, म्हणून क्रोमियम बाद. नळी स्टँडवर तशीच ठेवली की साका वरून तपकिरी होत जातो, म्हणून निकेलही बाद. इथवर फेरस, म्हणजे +2 भाराचं लोह. पण पोटॅशियम थायोसायनेट घातल्यावर द्रावण लाल होतं, ही तर फेरिकची, म्हणजे +3 भाराच्या लोहाची खूण, आणि तिसऱ्या गटात (धन आयन क्रमाने वेगळे करायच्या तिसऱ्या टप्प्यात) साकाही लालसर तपकिरीच मिळतो! त्यात खात्रीसाठी अमोनिया घालून डायमिथिलग्लायॉक्झाइम टाकलं, तर तिथेही लाल, जी निकेलची खूण. क्षारात एकच धन आयन आहे असं सरांनी सांगितलंय. मग जर्नलमध्ये काय लिहू?

चंबू:
तिसऱ्या गटाचा पुरावा इथे धरूच नकोस. त्या गटाआधी तू संहत नायट्रिक आम्ल घालून उकळलं असशील ना? ते घालतात ते फेरसचं फेरिक करायलाच, कारण अमोनियम क्लोराइड असताना फेरस हायड्रॉक्साइडचा साका पुरता पडत नाही. त्याच्या आधी हायड्रोजन सल्फाइड सोडलेला असतो, तो उलट फेरिकचं फेरस करतो. त्यामुळे मूळचं लोह कोणतं होतं हे गटात शिरल्यावर कळत नाही. ती चाचणी मूळ द्रावणावरच करायची.

थायोसायनेट फार संवेदनशील आहे. फेरसचं द्रावण हवेत राहिलं की थोडं फेरिक तयार होतंच, आणि तेवढ्यानेही नळी लाल होते. लाल म्हणजे किती लाल? गुलाबीसर की रक्तासारखं?

प्रश्नकर्ती:
नारिंगी-लाल म्हणता येईल. द्रावण आदल्या दिवशीचं होतं.

जुना प्रयोगशाळावाला:
मग उत्तर तिथेच आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घालून ताजं द्रावण कर आणि पोटॅशियम फेरिसायनाइड टाक. लगेच गडद निळा साका आला तर फेरस. बाटली नीट बघून घे, फेरिसायनाइडचे स्फटिक लाल असतात, फेरोसायनाइडचे पिवळे. फेरिसायनाइडचं द्रावणही ताजंच हवं. जुन्यात फेरोसायनाइड झालेलं असतं, आणि ते फेरिकबरोबरही निळं देतं.

डायमिथिलग्लायॉक्झाइमचं लाल फसवं आहे. फेरसही अमोनियात लाल रंग देतं, पण द्रावणाला. निकेलचा गुलाबी-लाल साका असतो, मऊ, फुगीर, गाळणकागदावर धरता येतो. तुझ्या नळीत गाळण्यासारखं काही होतं का?

अजून एक, सोडियम हायड्रॉक्साइड घालून जरा तापव आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धर. निळा झाला तर मोहरचा क्षार (फेरस अमोनियम सल्फेट) असणार, मग अमोनियमही लिहावं लागेल.

प्रश्नकर्ती:
ताज्या द्रावणात थायोसायनेटने जेमतेम गुलाबी छटा, फेरिसायनाइडने क्षणात गडद निळा साका. आधीच्या नळीत साका नव्हता, नुसतं लाल पाणी. लिटमस लालच राहिला. फेरस सल्फेट लिहितेय.

चंबू:
लिही. आणि 'मूळ द्रावणावर चाचणी' हे निरीक्षणाच्या रकान्यात नक्की टाक, तोंडी परीक्षेत तिथेच बोट ठेवतात.