साक्षीसाठी समन्स आलंय, कोर्टात नेमकं काय होतं?

प्रश्न: अपघाताच्या खटल्यात साक्षीला बोलावलंय. उलटतपासाची धास्ती वाटते. तयारी काय करू?

उत्तर १: समन्स आणि ओळखपत्र सोबत न्या. आधी शपथ, मग सरतपास (ज्यांनी बोलावलंय त्यांच्या वकिलाचे प्रश्न), उलटतपास (समोरच्या वकिलाचे प्रश्न), गरज पडली तर फेरतपास (पहिल्या वकिलाचे पुन्हा प्रश्न). पूर्वीचा जबाब वाचून जा, पण पाठ करू नका. घोकलेलं लगेच उघडं पडतं.

उत्तर २: उलटतपासात सूचक, म्हणजे हवं ते उत्तर सुचवणारे प्रश्न चालतात. "गाडी भरधाव होती, बरोबर?" वेग नीट पाहिला नसेल तर "सांगता येणार नाही" म्हणा. अंदाजाने आकडा ठोकलात की पुढचे दहा प्रश्न त्यावरच! वकिलाने हरकत घेतली की न्यायाधीश निर्णय देईपर्यंत गप्प.

उत्तर ३: नुसती मान डोलावू नका, टंकलेखकाला ती लिहिता येत नाही. बाहेर थांबलेल्या साक्षीदारांशी घटनेबद्दल बोलणंही टाळा.