एकाच घरात एकच जेवण, तरी वजनात एवढा फरक का?

रंकाळाकाठ:
आम्ही दोघी जावा, एकाच घरात, एकाच कुकरचं जेवण. धाकटी एक भाकरी खाल्ली की हात धुते, कितीही आग्रह करा नाही म्हणजे नाही. मला मात्र जेवून उठल्यावर पण फोडणीचा वास आला की परत खावंसं वाटतं, रविवारी तांबडा-पांढरा असला की वाटीवर वाटी जाते, आणि घरात कुणाशी वाजलं की हात फरसाणच्या डब्यात. उंची ५ फूट २, वजन ७४. सासूबाई म्हणतात तोंडावर ताबा नाही. खरंच एवढंच असतंय का?

कळंबा_रोड:
ताई, ते ताबा वगैरे आधी डोक्यातनं काढा. मी न्यूट्रिशन शिकलेय म्हणून सांगते, भूक सगळ्यांची सारखी नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली मोठ्या माणसांसाठी ३५ प्रश्नांची एक प्रश्नावली काढली. त्यात दिसलं की पदार्थ दिसला की खावंसं वाटणं, खाण्याची आवड, टेन्शनमध्ये जास्त खाणं हे ज्यांच्यात जास्त त्यांचं वजन सरासरीनं जास्त, आणि लवकर पोट भरणारी, सावकाश जेवणारी माणसं सरासरीनं बारीक. अर्थात ह्यामुळंच वजन वाढलं असं त्यावरनं सिद्ध होत नाही, पण तुमचं आणि जाऊबाईंचं वर्णन तंतोतंत त्यातलंच आहे. शिवाय २००७ ला एफटीओ नावाच्या जीनचा वजनाशी संबंध सापडला, त्याचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि वडील दोघांकडनं आलेली माणसं तो प्रकार अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोनं जड निघाली.

गंगावेस_पैलवान:
पटलं नाही. जीन आमच्या आज्ज्याचे पण हेच होते की, तेव्हा गावात किती जाड माणसं होती? दिवसभर ऊसात राबायचे, म्हशीचं दूध पिऊन पचवायचे. आता बसून काम आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर वडापाव.

कळंबा_रोड:
दादा, तुमचं पण बरोबरच आहे, दोन्ही एकत्र काम करतं. अमेरिकेत २०१९ ला २० जणांना तिथंच ठेवून दोन आठवडे पाकिटबंद छाप खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, समोर ठेवलेल्या जेवणात साखर, फॅट, फायबर सारखंच, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटबंद खाण्यावर माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खायला लागली, आणि खायची पण भराभर. मग ज्याची भूक मुळात जोरदार, त्याला असल्या खाण्याचा त्रास जास्तच होणार की.

शाहूपुरी_वहिनी:
मला उपयोग झाला तो एवढाच, फरसाण, बिस्किटं ओट्यावरनं काढून माळ्यावर टाकली, आणि मिसळीपेक्षा ज्वारीची भाकरी-झुणका, चावायला वेळ लागतो. उपाशी राहू नका हो, संध्याकाळी दुप्पट जातं. झोप पण बघा, कमी झोपलं की दुसऱ्या दिवशी लई भूक लागते.

कळंबा_रोड:
आणि थायरॉइड, शुगर एकदा तपासून घ्या. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ३० च्या आसपास येतोय, आपल्याकडं २३ च्या वर गेलं की लक्ष द्यायला सांगतात.

रंकाळाकाठ:
तपासणी ह्याच आठवड्यात करते. एक विचारायचं राहिलं, धाकटीला टेन्शन आलं की तिचं जेवणच बंद होतं, आणि तिला सगळे अंगाला काही लागत नाही म्हणून बोलतात.

कळंबा_रोड:
ते पण त्याच प्रश्नावलीत आहे ताई, टेन्शनमध्ये कमी खाणं. तिच्या पण हातात नाही ते. सासूबाईंना दोघींचं एकदमच सांगा.