मदत हवी आहे: जन्म कमी झाले, तरी लोकसंख्या वाढतेच कशी?

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरकडचे. मुलगी बारावीला, भूगोलाच्या प्रकल्पाला तिने लोकसंख्या संक्रमण घेतलंय. उदाहरण घरातलंच: माझ्या आजीला नऊ लेकरं झाली, जगली पाच. आईला आम्ही चौघं, सगळे धडधाकट. मला दोनच. म्हणजे आधी मरणं कमी झाली, जन्म मागाहून, आणि मधल्या काळात लोकसंख्या फुगली. इथवर कळलं.

अडलंय पुढे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ आलाय, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला बाईमागे जी साधारण २.१ मुलं लागतात, त्याच्या खाली. तरी माणसं वाढतातच! लग्नाच्या वयाची पोरंपोरीच जास्त म्हणून, असं मी सांगितलं, तर पोरगी म्हणते, "पप्पा, आकडे मांडून दाखवा." कुणी सोप्या आकडेमोडीत समजावेल का?

अजून एक. तहसीलमधून कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, १९१८ च्या पानांची नक्कल मिळाली. सगळी मोडी, अक्षर लागत नाही. नोंदी मात्र पानभर दाटीवाटीने. त्या वर्षीच्या इन्फ्लूएंझाच्या साथीत गेलेल्यांच्याच असाव्यात. १९११ ते १९२१ मध्ये देशाची लोकसंख्या घटली होती ना. जळगाव-धुळ्याकडे मोडी वाचणारं कुणी आहे का? प्रकल्प पुढच्या सोमवारी द्यायचाय.