मदत हवी आहे: पीएलसीचं आऊटपुट कार्ड सारखं जळतंय, फ्यूज नेमका कुठं टाकू?

उद्यमबागवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो. मोल्डिंग मशीनच्या पॅनलमधल्या पीएलसीचं (प्रोग्रामवर मशीन चालवणारा कंट्रोलर) आऊटपुट कार्ड, म्हणजे व्हॉल्व्हला करंट देणारं कार्ड, काही टिकत नाही. ट्रान्झिस्टर आऊटपुट, २४ व्होल्ट डीसी, पॉइंटला (एकेका आऊटपुटला) ०.५ अँपिअर. आठ-आठचे दोन ग्रुप, प्रत्येक ग्रुपच्या प्लसला सी-६ एमसीबी (६ अँपिअरचा, जास्त करंटला आपोआप पडणारा ब्रेकर). एसएमपीएस (२४ व्होल्टचा पॉवर सप्लाय) ५ अँपिअरचा, पीएलसीचा सीपीयूसुद्धा त्याच्यावरच.

व्हॉल्व्हच्या केबली वाळूत आणि तेलात लोळत असतात. पत्र्याला घासून एखादीचं सालपट निघतं नि प्लस बॉडीला लागतो. लगेच अख्खा पीएलसी बंद पडून परत चालू होतो. एमसीबी ढिम्म! मग बघावं तर एक पॉइंट गेलेला. मागच्या वेळचा पॉइंट तर चालूच राहिला होता. प्रोग्राममध्ये बंद, कार्डावरचा दिवा विझलेला, आणि व्हॉल्व्हच्या कॉइलला मात्र २४ व्होल्ट. क्लॅम्प सुटेचना.

मालक म्हणतात, ग्रुपला ४ अँपिअरचा काचेचा फ्यूज टाक आणि मोकळा हो. मला ते पटत नाही. पण पॉइंटगणिक फ्यूज टाकायचा तर पॅनलमध्ये जागा कुठाय? कुणी केलंय का?

खानापूरकर:
एमसीबी पडणारच नाही ओ. सी कर्व्हच्या एमसीबीला झटक्यात पडायला पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ३० ते ६० अँपिअर, आणि डीसीवर त्याहून जास्तच. तुमचा एसएमपीएस पाच-सहा अँपिअरवर हात वर करतो, व्होल्टेज बसतं, सीपीयू झोपतो. मोठा एसएमपीएस लावला तरी वायर आड येते. ०.५ स्क्वेअरची वायर २० मीटर जाऊन-येऊन ४० मीटर, जवळपास दीड ओहम. त्या टोकाला शॉर्ट झाला तर १६-१७ अँपिअरच्या वर करंट जातच नाही.

मालकांच्या ४ अँपिअरच्या फ्यूजचंही तेच. तो उडेपर्यंत अर्ध्या अँपिअरचा पॉइंट कधीच गेलेला असतो. कार्डाच्या डेटाशीटमध्ये शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन आहे का तेवढं बघा. नसेल तर पॉइंटला ०.५ अँपिअरचा फास्ट फ्यूज लावा. तरी ट्रान्झिस्टर वाचेलच असं नाही, तो फ्यूजच्या आधीही जाऊ शकतो. पण एसएमपीएस बसणार नाही, बाकीचे पॉइंट चालू राहतील आणि कुठली केबल गेली ते लगेच कळेल.

पॉइंट चिकटला हे जास्त वाईट आहे. ट्रान्झिस्टर बऱ्याचदा शॉर्ट होऊनच मरतो. इमर्जन्सी स्टॉप प्रोग्राममधून घेतलाय की आऊटपुटचा प्लसच तोडतो? प्लस सेफ्टी रिलेच्या (इमर्जन्सी दाबली की काँटॅक्ट उघडणारा रिले) काँटॅक्टमधून न्या. हे आधी, फ्यूज नंतर.

निपाणीकर:
कॉइल किती वॉटची ते कुणी विचारलंच नाही की. न्यूमॅटिकची साधारण ५ वॉट, म्हणजे ०.२ अँपिअर, काही अडचण नाही. हायड्रॉलिकची ३० वॉटपर्यंत असते, म्हणजे सव्वा अँपिअर. ती थेट कार्डावर असेल तर शॉर्ट नसतानाही कार्ड मरणारच. प्लेट बघून सांगा.

उद्यमबागवाला:
प्लेट वाळूनं माखलेली, घासून वाचली. क्लॅम्पच्या चारही व्हॉल्व्हवर ३० वॉट आहे! ज्यांनी पॅनल करून दिलं त्यांनी थेट कार्डावरच दिलंय. इमर्जन्सी पण प्रोग्राममधूनच. आज दुपारीच तो प्लस तोडायचं वायरिंग करायला घेतो.

निपाणीकर:
मग कार्ड आणि व्हॉल्व्हच्या मध्ये चार स्लिम रिले टाका, ६ मिलिमीटर रुंदीचे मिळतात, जागेचं रडगाणं नको. रिलेच्या काँटॅक्टनंतर प्रत्येक व्हॉल्व्हला २ अँपिअरचा फ्यूज, आणि व्हॉल्व्हसाठी वेगळा १० अँपिअरचा एसएमपीएस. सीपीयूला जुनाच राहू दे. रिलेवर ६ अँपिअर छापलेलं असतं, पण डीसीच्या कॉइलवर काँटॅक्ट तेवढं झेलत नाही, म्हणून बंद होताना कॉइल मारते तो झटका गिळायला व्हॉल्व्हच्या कॉइलवर डायोड हवाच.

उद्यमबागवाला:
१एन४००७ डायोड चालेल ना? की डायोडवाला प्लगच घेऊ?

खानापूरकर:
चालतो. पट्टीची बाजू प्लसकडे, उलटा लावलात तर तोच शॉर्ट. डायोडनं व्हॉल्व्ह सुटायला किंचित उशीर होतो. क्लॅम्पचं टायमिंग बिघडलं तर त्या जागी व्हॅरिस्टर (झटका गिळणारा दुसरा पार्ट) लावा.