मदत हवी आहे : ‘गिव्ह इट अ शॉट’ आणि त्याची भावंडं

सबटायटलवाली : अमेरिकी-ब्रिटिश मालिकांची मराठी उपशीर्षकं करतेय. ‘गिव्ह इट अ शॉट’, ‘टेक अ स्टॅब’, ‘गिव्ह इट अ व्हर्ल’, ‘हॅव अ गो’... सगळीकडे ‘प्रयत्न कर’ लिहिलं तर सगळी पात्रं एकाच सुरात बोलतात. छटांमधला फरक आणि मूळ सांगाल का?

शब्दखोर : ‘शॉट’ बंदुकीचा. नेम धरायचा, लागला तर लागला. प्रयत्न या अर्थी तो अठराव्या शतकापासून आहे. ‘हॅव अ क्रॅक’ हा त्याचा सख्खा भाऊ. क्रॅक म्हणजे बार उडाल्याचा आवाज, वापर १८३० च्या सुमाराचा. ‘स्टॅब’ अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. त्यात तयारी कमी आणि अंदाज जास्त, म्हणून उत्तर ठाऊक नसलेलं पात्र तो वापरतं. तिथे ‘खडा टाकून बघते’ चपखल बसेल. ‘शॉट’ला साधं ‘करून तर बघ’ पुरे.

जुना वाचक : ‘व्हर्ल’ म्हणजे गिरकी. १८८० च्या दशकातली अमेरिकी बोली. नवा पदार्थ, नवं ॲप, म्हणजे फसलं तरी फार बिघडत नाही अशा गोष्टींसाठी. ऑस्ट्रेलियन पात्र ‘गिव्ह इट अ बर्ल’ म्हणेल. तीही गिरकीच, स्कॉटलंडच्या बोलीतली.

खरा घोटाळा ‘हॅव अ गो ॲट’मध्ये होतो. पुढे काम आलं तर प्रयत्न, माणूस आला तर झापणं. ‘शी हॅड अ गो ॲट हिम’ म्हणजे ‘तिने त्याला फैलावर घेतलं’. इथे ‘प्रयत्न केला’ लिहिलंत तर प्रसंगच उलटा होईल. ‘टेक अ शॉट ॲट’पुढे माणूस आला तरी सावध राहा, तिथे टोला असतो किंवा खरीच गोळी. ‘ॲट’नंतरचा शब्द वाचल्याशिवाय ओळ लिहूच नका.

सबटायटलवाली : फार उपयोग झाला! आणि ‘द ओल्ड कॉलेज ट्राय’?

शब्दखोर : बेसबॉलमधला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. हाती लागणार नाही हे दिसत असतानाही चेंडूवर झेपावणाऱ्याला व्यावसायिक खेळाडू असं चिडवायचे. कॉलेजातल्या पोरांचा उत्साह, हा त्यातला टोमणा. आता त्यात कौतुक असतं, पण यशाची आशा अजूनही कमीच. ‘होईल न होईल, जीव तोडून बघू’ असं लिहा. नुसतं ‘जीव तोडून’ लिहिलं तर हरण्याची शक्यता गळून जाते.