मदत हवी आहे: जाऊबाईंची दारू सोडवायची आहे, घरात कुणी आजार मानायला तयार नाही

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातलं एकत्र कुटुंब, एवढंच सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई, वय ४४, रोज पितात. हे वाक्य लिहायला मला दोन महिने लागले.

चार वर्षांपूर्वी त्यांची गर्भपिशवी काढली. त्यानंतर रात्ररात्र झोप नाही, अंगाची आग. कुणीतरी सांगितलं, झोपताना दोन चमचे ब्रँडी घे. आमच्याकडे सर्दीला, बाळंतिणीला ब्रँडी देतातच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. चमच्यांची क्वार्टर कधी झाली ते मला कळलं नाही, आणि मी रोज त्यांच्या शेजारी ओट्यापाशी उभी असते. आता पोळ्या लाटताना बाजूला स्टीलची पाण्याची बाटली असते. कुणी हात लावला की झटकन ओढून घेतात. सकाळी हात इतका थरथरतो की कप बशीवर वाजतो. तो आवाज सासूबाईंना जाऊ नये म्हणून त्या चहा बशीत ओतून घेतात, बशी ओट्यावरच ठेवतात आणि वाकून पितात. मला बघवत नाही.

गेल्या महिन्यात दिरांनी बाटल्या फेकल्या आणि खोलीला बाहेरून कडी घातली. दुसऱ्या रात्री जाऊबाईंना फीट आली, जीभ चावली गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आम्हाला खूप रागावल्या. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या ४८ तासांत फीट येऊ शकते, पुढे भास होतात, माणूस दगावूही शकतो. ती औषधं देऊन, देखरेखीखालीच उतरवायची असते. लिव्हरला सूज निघाली. मी म्हटलं, दीर वीस वर्षं पितात, त्यांना तर काही नाही! त्या म्हणाल्या, बाईच्या शरीरात पाणी कमी, जठरात दारूचं विघटन करणारं एन्झाइमही कमी, म्हणून तेवढाच पेग तिच्या रक्तात जास्त चढतो. लिव्हर आणि हृदय पुरुषापेक्षा कमी वर्षांत बिघडतात. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तर थोड्या दारूनेही वाढतो.

घरी आल्यावर नऊ दिवस चांगले गेले. दहाव्या दिवशी बाटली परत ओट्यावर.

दीर पिऊन आले की सासूबाई उशाशी लिंबूपाणी ठेवतात. जाऊबाईंसाठी मात्र एकच, ‘माहेरी नेऊन सोडा’. याचा मला फार त्रास होतो.

व्यसनमुक्ती केंद्रात जायचं म्हटलं की जाऊबाई म्हणतात, मुलीचं बारावीचं वर्ष आहे, आणि तिथे सगळे पुरुषच असतील. फक्त बायकांची सोय कुठे आहे का? दिरांनी कुठूनतरी जेवणात कालवायची गोळी आणली आहे, ती चालेल का? आणि मी त्यांच्याशी बोलू कशी?

प्रतिसाद

ताई, आधी ती गोळी ताब्यात घ्या. बहुतेक डायसल्फिरम असेल. ती पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. न सांगता दिली आणि त्या प्यायल्या तर जिवावर बेतेल. लिव्हरला सूज असताना तर मुळीच नको. ते औषध पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या हातूनच देतात. आणि पुन्हा कडी घालू नका.

मी स्वतः सहा वर्षांपूर्वी सोडली. माझी भीती हीच होती, पुरुषांमध्ये जाऊन राहायचं कसं. २०१९च्या एम्सच्या पाहणीत पिणारे पुरुष २७.३ टक्के होते आणि बायका १.६ टक्के, त्यामुळे बायकांसाठी सोयी कमीच. पण पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे बायकांचा वेगळा विभाग आहे, निशिगंध. आधी फोन करून सगळं विचारा. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ वर टेली-मानसचे, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचे, समुपदेशक मराठीत बोलतात.

बोलायचं तर दोघीच असताना, त्या प्यायलेल्या नसताना. शपथा नकोत. माझी बहीण एवढंच म्हणाली होती, “तुझे हात हलतात, मला भीती वाटते, लिव्हरच्या डॉक्टरकडे मी येते सोबत.” व्यसन हा शब्दही तिने काढला नाही. आणि मुलीचा डबा, क्लास, सासूबाईंची औषधं कोण बघणार, ते आधी ठरवून मग भरतीचं काढा. बाई तिथेच अडते. तुमच्यासाठी अल्-अनॉनच्या बैठका आहेत, व्यसनी माणसाच्या घरच्यांच्या. जाऊन या.

धागाकर्ती

खूप आधार वाटला. गोळ्या काढून घेतल्या, दीर चिडले तर चिडू देत. बारावीचा डबा आणि क्लास माझ्याकडे, हे आज पुतणीसमोरच जाऊबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री स्वतःहून विचारलं, “तिथं किती दिवस ठेवतात गं?”

मंगळवारी लिव्हरची तपासणी आहे. झोपेचं आणि पिशवीच्या ऑपरेशनचंही तिथे सांगू ना? अजून काय काय लिहून नेऊ?